गाडीला गोडं पाणी

हिराजीकाका गाडी काढायच्या आधी पेट्रोल बघत नसत, तिथी बघत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या खाडीकाठी शाळेत न गेलेल्यालाही येतं. आज चतुर्थी, म्हणजे भरती तीनला. मग तीनच्या सुमाराला काका वाशीला जायला निघायचे नाहीत. वाशीचा रस्ता डांबरी आहे, उंच आहे, खाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. "रस्त्याचा नसंल," काका म्हणायचे, "पन पान्याचा मान ठेवावा."

ते माझे सख्खे चुलते. जुईनगर आज जिथं आहे त्याच्या अंगालाच आमचं गाव. गावाची खारजमीन नव्या शहरात गेली तेव्हा कुणी दुमजली घर बांधलं, कुणी मुलींची लग्नं वाजतगाजत लावली. काकांनी सेकंडहँड मोटार घेतली आणि पन्नाशी उलटल्यावर ती चालवायला शिकले. मी बी.कॉम. झालो (घरातला पहिला, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटलेली नाही) त्या दिवशी त्यांनी मला गाडीत घालून गावातून तीन फेऱ्या मारल्या. गाव चालत दहा मिनिटांत संपतं. त्या दिवसापासून माझं नावच गेलं. चारचौघांत हाक यायची, "ए बीकॉम".

गाडीच्या आधीचं काकांचं आयुष्य बांधावर गेलं होतं. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेले ते बांध. त्यांतली दारं कधी उघडायची आणि कधी पाडायची, हे विचारायला आजूबाजूच्या पाच गावांतली माणसं आमच्या ओटीवर यायची. काका खाडीकडे एकदा बघायचे, बोटाने पाणी चाखायचे आणि सांगायचे. चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

म्हणूनच त्या आषाढातली गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. अमावास्येची मोठी भरती आणि वर दोन दिवसांचा पाऊस. काकांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं आणि स्वतःची गाडी जुन्या बांधावर नेऊन लावली. तिथं त्यांच्या आज्याच्या वेळीही पाणी आलं नव्हतं. नव्या बिल्डिंगवाल्यांनी स्कूटरी होत्या तिथंच ठेवल्या. दुपारी बघतो तर स्कूटरी कोरड्या आणि काकांच्या गाडीचा नुसता टप दिसतोय. डंपरांनी मुरूम टाकून टाकून चहूकडची जमीन पुरुषभर वर आणली होती, आणि आमचा सगळ्यात उंच बांध कधी सगळ्यात खोल झाला ते आम्हाला कळलंच नव्हतं.

पाणी ओसरल्यावर आम्ही गाडी ढकलत दारात आणली. तुर्भ्याचे मेकॅनिक रफीकभाई मूळचे उरणकडचे, माणूस सरळ. त्यांनी बॉनेट उघडलं, बोट फिरवलं आणि बंद केलं. गोड्या पाण्यात बुडाली असती तर हात घातला असता, म्हणाले. खारं पाणी लोखंडाला आतून खातं. गाडीला चावी लावू नका, रविवारी भंगारवाल्याला घेऊन येतो.

काकांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा सल्ला विचारला. मी कागदावर दोन रकाने पाडले, एक दुरुस्तीच्या बाजूचा, एक भंगाराच्या. भंगाराचा रकाना भरून कागदाच्या मागे गेला. मी सगळा वाचून दाखवला. काका म्हणाले, "बराबर हाय." मग उठले, बाहेर गेले आणि गाडीच्या सीटा काढायला लागले.

बांध फुटून खाडी शेतात शिरली तर आमची माणसं शेत टाकून देत नाहीत. पावसाचं गोडं पाणी साठवायचं, मुरू द्यायचं, काढून टाकायचं, पुन्हा साठवायचं. मीठ हळूहळू निघून जातं. काकांनी गाडीचं तेच मांडलं. तळाची बुचं काढली, बॉनेट उघडलं, चारी दारं सताड उघडली. अख्खी वसाहत गाड्यांवर ताडपत्र्या ओढत असताना हा माणूस पाऊस आत घेत होता. पाऊस थांबला की विहिरीच्या कळशा. गावात झालं की हिराजी गाडीत भात लावतोय. काकी छत्री धरून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "रोपं तयार हायेत, आनू का?"

काकांनी चहा घेतला. गाडीखालून गळणाऱ्या धारेला बोट लावलं, जिभेवर ठेवलं. "अजून खारट हाय," म्हणाले. असं सकाळ-संध्याकाळ.

रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला, बरोबर रफीकभाई. काकांनी शेवटच्या दोन कळशा ओतल्या, खाली पेला धरला. खारट निघालं तर घेऊन जा, म्हणाले, एक शब्द बोलणार नाही. मग पेला तोंडाला न लावता माझ्यापुढे केला.

"तू चाख, बीकॉम. माजी जीभ आता मना पायजे तेच सांगंल."

ज्या जिभेवर पाच गावांनी भात पिकवला, तिचा मालक हे म्हणत होता. मी चाखलं. गंज लागला, तेल लागलं, थोडं रेक्झिनही लागलं. मिठाची वाट बघत राहिलो. ते आलं नाही. एका साक्षीवर जाऊ नये म्हणून पेला रफीकभाईंना दिला. ते चूळ थुंकून काकांकडे बघत राहिले. "मीठ नाय काका. इंजिन सगळं खोलावं लागेल, वायरिंग नवं. पण करू." काकांनी भंगारवाल्याला चहाला बसवलं.

मला वाटलं, आता समजूत घालावी. मी म्हणालो, काका, तुमचा अंदाज चुकला नव्हता, भोवतालची जमीनच वर आली. काका सदऱ्याच्या टोकाने पेला पुसत होते.

"ता मना दिसला रे. पान्याची वाट बदलली, आन मना कुनी सांगितला पन नाय."

माझ्या दोन रकान्यांत हे कुठंच नव्हतं.

गाडी सुरू झाली तेव्हा परतीचा पाऊस लागला होता. काकांनी मला शेजारी घेतलं. मला वाटलं, आता गावाला दाखवायला फेऱ्या. पण त्यांनी गाडी नव्या सेक्टरांकडे वळवली. रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीपाशी थांबायचे, छत्री उघडून उतरायचे, उकिडवे बसून पाण्यात काडी टाकायचे आणि ती कुठं जाते ते बघत राहायचे. गॅलरीतून माणसं बघत होती, हसतही असतील. मी कॉलेजात हुशार मुलं पुष्कळ पाहिली. पण साठीला टेकलेला माणूस, ज्याला सगळं येत होतं, तो आपलंच पाणी पहिलीपासून शिकायला बसलाय, हे मी आमच्याच घरात पाहिलं.

चौथ्या मोरीवर त्यांनी काडी टाकली. ती आत गेली आणि पलीकडे दिसेना.

"बीकॉम, ही कुठं निंगते?"

मला माहीत नव्हतं. मीही खाली उतरलो.