खोबऱ्याचा चीक

डोमाजी रोज सकाळी आपल्या मोटरवरचा आंब्याचा चीक काढत, आणि मोटर लख्ख झाली की ती तशीच, त्याच आंब्याखाली उभी ठेवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा चीक. पुन्हा तेल, पुन्हा फडकं. मी गोंदियाच्या एका तांदळाच्या गिरणीत कारकून म्हणून लागलो आणि जवळच्या फुलचुरात त्यांच्या समोरच खोली घेतली, तेव्हा काही दिवस हे सगळं दात-ओठ खात पाहिलं. माझा स्वभाव तापट. शेवटी एकदा राहवलंच नाही.

"अहो डोमाजी, मोटर चार हात बाजूला सरकवा ना!"

"काऊन जी?"

"काऊन म्हणजे? चीक पडतो म्हणून!"

"पडू द्या ना बाप्पा. पडला त काढू."

मी तरातरा गिरणीत गेलो आणि दिवसभर हिशेबात चुका करत बसलो.

मोटर म्हणजे तरी काय! विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून घेतलेली, काळी, उंच टोपीची. लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. डोमाजींनी तिला बैलजोडी जुंपली. लग्नाकार्याला हे स्वतः चाक धरून आत बसत, आणि पुढे गडी बैल हाकत असे. भोंग्याला बैल बुजायचे, म्हणून भोंगा बंद करून डोमाजी खिडकीतून डोकं काढून "बाजू व्हा, मोटर येऊन राहिली!" असं स्वतःच ओरडत. लोक हसायचे. डोमाजींना त्याचं काही नव्हतं.

आंब्याचं नाव खोबऱ्या. वादळात त्याची एक फांदी मोडली होती आणि त्या जखमेतून बारमाही चीक गळायचा. मोहोराच्या दिवसांत तर मोटरीवर नुसता चिकटा. चीक काढण्याचं डोमाजींचं शास्त्र मात्र पक्कं होतं. ऊन चढायच्या आत, पत्रा गार असतानाच काम करायचं. टोळीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल कोमट करून प्रत्येक थेंबावर बोटाने ठेवायचं. मग एक पान खायचं, सावकाश. पान संपलं की जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने चीक नुसता उचलायचा. नाही उठला तर पुन्हा तेल आणि पुन्हा पान. शेवटी रिठ्याचं पाणी, कोरडं फडकं आणि वरून मेणाचा हात. चाकू, काथ्या, विटकरीची भुकटी आणि मातीचं तेल म्हणजे रॉकेल यांना मोटरीच्या आसपास फिरकायची बंदी.

"चीक म्हंजे रुसलेला व्याही जी बाबूजी," ते म्हणायचे. "ओढून उठवाल त संगं रंगबी घेऊन उठते. खरडू नोका, मनवा."

असं म्हणत ते पत्र्यावरून उजवा अंगठा फिरवून पाहायचे. सौंदडकडे त्यांच्या वाडवडिलांनी तलाव बांधले होते. पोरपणी बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या बांधावर माती ओढताना डोमाजींच्या अंगठ्याला फावडं लागलं होतं, आणि तो मधोमध चिरून तसाच वाकडा भरून आला होता. त्या अंगठ्याचा त्यांना अभिमान. "आमची सनद आहे जी," म्हणायचे.

मला वाटायचं, म्हातारा येडा आहे. मग हळूहळू माझं लक्ष त्यांच्या बायकोकडे गेलं.

सगुणाबाईंची दृष्टी गेली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. एके काळी गावातलं बियाण्याचं धान निवडायचं ते बाईंनीच. त्यांनी सुपात हात घातला की पोचट दाणा वेगळा झालाच म्हणून समजा. आता घरात दोन सुना, दोघीही गुणाच्या. "आई, तुमी बसा जी, आमी करून राहिलो ना." झालं! बाई बसल्या. सकाळी बसल्या, दुपारी बसल्या. अहो, माणसाला भाकरी कमी पडली तर तो सोसतो, पण आपलं कुणाला काम पडत नाही हे सोसवत नाही.

म्हणून सकाळी डोमाजी त्यांना हाताला धरून मोटरीपाशी आणत. बाई बोनटावरून बोटं फिरवत, सुपातल्यासारखीच. "हा एक जी. हा दुसरा, लहान आहे." की डोमाजी तिथे तेल ठेवत.

"मले नाही दिसत जी," ते मला मोठ्याने सांगत. "काळ्या रंगावर काळा चीक! तिची बोटं नसती त मोटर कामातूनच गेली असती."

नवेगावच्या तलावाच्या बांधावर उभं राहून पलीकडच्या काठावरचा बगळा ओळखणारा हा माणूस! त्याला हाताशी पडलेला चीक म्हणे दिसत नव्हता. त्या दिवसापासून मोटर सरकवा म्हणणं मी सोडलं.

पण जगात जावई नावाची वस्तू असते. डोमाजींचे जावईबापू नागपूरकडे कचेरीत होते. माणूस भला, पण उत्साही, आणि उत्साही भल्या माणसाइतकं भय मला वाघाचंही वाटत नाही. सणाला आले, आणि सासऱ्याला चकित करावं म्हणून सगळे उठायच्या आत त्यांनी पेन्सिलीचा चाकू घेऊन सगळा चीक खरवडून काढला. चिकाबरोबर रंगही गेला. बोनटावर देवीचे व्रण उठावेत तसे पत्र्याचे ठिपके उघडे पडले.

डोमाजी बाहेर आले. त्या भागात जावयाला 'नाही' म्हणत नाहीत, आणि 'हे काय केलं' असं तर मुळीच नाही. डोमाजींनी उघड्या पत्र्यावरून अंगठा फिरवला.

"बेस केलं जावईबापू," ते म्हणाले. "लगित बेस केलं."

जावयालाही आपला पराक्रम दिसला. बिचारा खजील झाला. त्याने तिथल्या तिथे विडा उचलला. "मामाजी, आता मोटरीवर चिकाचा थेंब पडू देणार नाही! गुरांच्या कोठ्याला लागून मी स्वतः सपर घालून देतो."

आणि खरंच छपराचे बांबू आले, भाताचं तणस आलं, गडी लागले. डोमाजी माझ्याकडे धावत आले. इतके घाबरलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"बाबूजी, तुमी तरी समजवा ना जी त्याईले."

"मी कशाला? तुम्हीच सांगा, की बाईंचं काम जाईल."

"तेच कसं सांगू? तिच्यासाठी चीक पडू देतो म्हटलं, त फिरून ते तिच्याच कानावर जाईल. मंग ते काम रायते का जी? मंग त तो पोरखेळ झाला."

मी त्यांना बसवून पाण्याचा तांब्या पुढे केला.

मोटर सपराखाली गेली. दुसऱ्या सकाळी बाई नेहमीसारख्या आल्या. बोनटावरून बोटं फिरवली, मडगार्डावरून फिरवली, पुन्हा बोनटावर आल्या.

"काईच नाही जी."

"पाह ना नीट," डोमाजी म्हणाले.

"पाह्यलं. बरं झालं, मोटर वाचली." त्यांनी कोरडीच बोटं पदराला पुसली आणि भिंत चाचपत एकट्याच आत गेल्या. डोमाजी हातात तेलाची वाटी घेऊन उभेच. मी दारातून आत सरकलो.

असे काही दिवस गेले. डोमाजींनी पान खाणंही सोडलं होतं. मग एका सकाळी बाईंचा आवाज आला, "हा पाहा जी, आहे एक! हा आणखी एक!"

जावईबापू आतून धावत आले. सपराखाली चीक? ते शिडी लावून वर चढले, तणस उपसून पाहिलं, नाक खुपसून वास घेतला. "मामाजी, हे होतंच कसं?"

"झाड जुनं आहे जी," डोमाजी गंभीरपणे म्हणाले. "त्याले सवय लागली."

जावईबापू डोकं खाजवत नागपूरला गेले. मी मात्र पहाटे तोंड धुवायला बाहेर आलो तेव्हा पाहिलं होतं. अंगणातली बाज आंब्याखाली ओढून, तिच्यावर लटपटत चढून, डोमाजी खोबऱ्याच्या मोडक्या फांदीला अंगठा लावून चीक घेत होते. पडले असते तर कंबरडंच मोडलं असतं. मी कुणाला बोललो नाही.

पुढे एकदा डोमाजी शेतीच्या कामाने सौंदडला गेले होते. बाई अंगणात लाकडी पिढ्यावर बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, "काय हो बाई, सपरात मोटर ठेवली तरी खोबऱ्या काही ऐकत नाही!"

बाई हसल्या. आधी नुसत्या, मग तोंडाला पदर लावून.

"बाबूजी, वरून पडला चीक त गोल रायते. गुळगुळीत. याच्यावर त अंगठा उमटला रायते, मधून चिरलेला." त्यांनी आपलं बोट हवेतच त्या चिरेवरून फिरवलं. "लगनात डोक्यावरून पदर होता. त्याईचं तोंड मी लय मंग पाह्यलं. हातात हात देला, तवा पयले हा अंगठाच वळखला."

मी सपरातल्या मोटरीकडे पाहिलं.

"सांगू नोका जी त्याईले," बाई म्हणाल्या. "बाजेवर चढून चढून मोठ्या हौसेनं करून राहिले."

"अहो पण पडतील ना!"

"म्हणून त धाकट्या सुनेले सांगून बाजेचे पाय ठोकून घेतले."

डोमाजी सौंदडहून परतले. दुसऱ्या सकाळी मी खोलीच्या दारात बसून होतो. बाईंची बोटं काळ्या पत्र्यावरून सावकाश फिरत होती. एका जागी थांबली. तिथे जरा जास्तच वेळ थांबली.

"सापडला जी!"

"कुठी?" डोमाजी वाकून, डोळे बारीक करून म्हणाले. "बाप्पा! मले त दिसलाच नाही."