चार दारांचा डबा

स्वतःची ओळख करून द्यायची वेळ आली की त्रिंबक आधी घसा साफ करायचा, मग गॉगल काढायचा आणि मग म्हणायचा, "मराठवाड्यातला पयला संगणक-गुप्तहेर!" पहिला हे अगदी खरं होतं, कारण दुसरा व्हायला कुणी तयारच नव्हतं. मांजरसुंब्याच्या चौकात एका धाब्याच्या माडीवर त्याचं कार्यालय होतं. खाली फोडणी पडली की वर गुप्तहेर शिंकायचा. सहायक सटवा मूळचा धाब्यावरचाच. चहा आणणं आणि साहेबांचे तर्क ऐकणं ही त्याची कामं, आणि दुसऱ्या कामाचा पगार तो वेगळा मागायचा.

शेजारच्या खोलीत फ्लेक्स छापायचं मशीन होतं. चार गावचे दुकानदार बॅनरच्या फायली त्रिंबकच्या सर्व्हरवर पाठवत आणि छापलेले बॅनर जीपने गावोगाव जात. पूर्वी सर्व्हरच्या नंबरावर फाइल टाकली की ती एका सामायिक ढिगात पडायची. गेल्या आठवड्यात त्रिंबकने त्या एकाच डब्याला, म्हणजे सर्व्हरला, चार दारं केली. नंबराऐवजी दुकानदाराचं नाव टाका, त्याची खोली उघडेल. याला व्हर्च्युअल होस्ट म्हणतात, हे तो धाब्यावर जेवायला उतरलेल्या ट्रकवाल्यांनाही सांगायचा.

तेव्हापासून दिंद्रुडच्या आसारामच्या फायली आष्टीच्या बबनरावच्या खोलीत पडू लागल्या. कालच आष्टीत एका सलूनच्या उद्घाटनाला 'चला, बाळाचा पाळणा हलवू या' असा बॅनर झळकला. आज आसाराम बायकोला घेऊन माडीवर हजर.

"थांबा, बोलू नका!" त्रिंबकने त्याच्या शर्टावरचा लाल डाग भिंगातून पाहिला. "लाल माती. तुमी सकाळीच आष्टीला गेलता!"

"शेंगदाण्याची चटणी हाय ती," आसाराम म्हणाला. "उद्या माझ्या नातीचं बारसं हाय. तिचा बॅनर तरी घरी येऊ द्या. अन् आज छडा लागला न्हाई, तर उद्यापासून हिला संगणकावर बसू देणार न्हाई. सांगून ठेवतो."

सुभद्राबाईंनी मान खाली घातली. पन्नाशीत त्या माउस धरायला शिकल्या होत्या आणि दुकानाच्या फायली आता त्याच पाठवायच्या. नातीचा बॅनर, त्यातल्या बदकांसकट, त्यांनी स्वतः केला होता. ती खुर्ची आता त्यांना जिवापाड प्यारी होती.

त्रिंबकने येरझाऱ्या घालत तर्क सुरू केले. आधी हे चिन्यांचं काम ठरलं.

"चिन्यांना बारशाचं काय पडलंय?" सटवाने विचारलं.

मग उंदराने वायर कुरतडून वाट बदलल्याचं ठरलं. शेवटी बबनरावने दिंद्रुडात हेर पेरल्याचं निघालं.

"काकू, इथूनच फाइल पाठवा," त्रिंबकने फर्मावलं. "मी शत्रूवर नजर ठेवतो." आणि तो खिडकीतून उसाच्या ट्रॅक्टरकडे रोखून पाहू लागला.

सुभद्राबाईंनी फाइल पाठवली. ती सरळ बबनरावच्या खोलीत!

"काकू, तुमी तर जुना नंबरच टाकला," सटवा म्हणाला. "नुसत्या नंबराला पयलंच दार उघडतं, ते बबनरावचं. नाव कावून टाकलं न्हाई?"

बाईंनी पदर तोंडाशी नेला. गालावर लाली चढली, पण शब्द फुटेना.

"मौन!" त्रिंबक ओरडला. "गुन्हेगाराचं मौन! बाई, कबूल करा, बबनरावची हेर तुमीच!"

भाकरीची चवड घेऊन वर आलेल्या धाब्याच्या बायनाबाई हसता हसता दारातच बसल्या. "आरं मुडद्या, ते तिच्या नवऱ्याचं नाव हाय! ती कसं घेईल?"

त्रिंबकने गॉगल लावला, पुन्हा काढला.

"लगीन झाल्यापून कधी घेतलं न्हाई," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. "बोटानं टाकलं तरी घेतल्यावानीच की. नंबर पाठ व्हता, तोच टाकत ऱ्हायले."

आसारामचा राग कुठल्या कुठे पळाला. एवढा मोठा माणूस, नव्या नवरदेवासारखा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला.

"मग उखाण्यात घे की, बये," बायनाबाईंनी तोडगा काढला.

सुभद्राबाई सावरून बसल्या. एक बोट कळफलकावर ठेवलं आणि म्हणाल्या,

"चार दारं एका डब्याला, दारादारावर पाटी,
आसारामरावांचं नाव घेते नातीच्या बारशासाठी!"

एकेक अक्षर दाबलं. दार उघडलं, बदकं आपल्या घरी पोचली आणि शेजारी मशीन खडखडू लागलं.

"माझा पयल्यापासून हाच संशय होता," त्रिंबक म्हणाला. सटवाने चहाचे कप गोळा केले.

सुभद्राबाईंची खुर्ची शाबूत राहिली. त्रिंबक मात्र सध्या एका नव्या, गंभीर प्रकरणात बुडाला आहे. दिंद्रुडहून हल्ली एकच बॅनर तीन-तीन तुकडे करून तीनदा येतो. यात चिन्यांचा हात असावा, असं त्याचं मत आहे. सटवाने आसारामला फोन करून विचारलंही.

"असू दे रे," पलीकडून आसाराम लाजत म्हणाला. "एकदा नाव ऐकून मन भरत न्हाई."