हवालदाराच्या भुवया

पेणमध्ये जन्मलेल्या माणसाला मासा ओळखायला शिकवावं लागत नाही. आम्ही शेपूट बघून नाव सांगतो, नाव ऐकून मसाला सांगतो, आणि मसाल्याच्या वासावरून शेजाऱ्यांकडे कोणता पाहुणा आलाय तेही सांगतो. त्यामुळे नोकरीसाठी आखातात, दोह्याला निघताना वाजिद जेव्हा म्हणाला, "विशाल, आपल्या माशाची जात तेवढी शोधून ठेव," तेव्हा मी म्हणालो, "तुझं विमान उतरायच्या आत सांगतो."

विमान उतरलं. वाजिदला तिकडे गोदामात काम लागलं, त्याने दाढी ठेवली, दाढी काढली. मी अजून हौदाच्या कठड्यावर बसलेलो होतो.

मासा आम्हा दोघांचा. आमच्या भागात लोक तळ्यात जिताड्याची पिल्लं सोडतात आणि मोठी झाली की खास पाहुण्यासाठी काढतात. जावई वगैरे. आम्हीही जवळच्या जिते गावातल्या एका माणसाकडून जिताड्याचं बोटभर पिल्लू आणलं आणि वाजिदच्या परसातल्या सिमेंटच्या हौदात सोडलं. पुढे त्याला मिशा दिसू लागल्या. आम्हाला तोवर धड फुटल्या नव्हत्या, म्हणून आम्ही मान देऊन त्याला हवालदार म्हणू लागलो. जिताड्याला मिशा नसतात, एवढं दोघांनाही मान्य होतं. मग हा कोण? वाजिद म्हणे खाडीचा, मी म्हणे गोड्या पाण्याचा. या वादात आमची बारावी गेली.

वाजिद गेल्यावर दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. तिकडे शुक्रवारी सुट्टी. मी दाजींच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे काढतो. कारखान्याला लागूनच एसटीडी बूथ आहे, तिथे मी आणि वाजिदची अम्मी, ताजुन्निसाखाला, तयार असायचो. खाला ओरडून बोलते, कारण दोहा लांब आहे.

"जेवलास का? काय जेवलास? कोणी केलं?"

मग फोन माझ्याकडे. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या माणसाशी फोनवर काय बोलतात ते मला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं.

"हवालदाराचं कळलं का?" तो विचारायचा.

"नाय अजून. बघतोय."

"बघ बघ."

एवढ्यावर आमचा आठवडा निघायचा.

पुढे फोन एक शुक्रवार सोडून येऊ लागला. मग महिन्यातून एखादा. हवालदार मात्र वाढतच होता. हौदात वळायचं तर त्याला आधी थोडं मागे यावं लागायचं, स्टँडातल्या एसटीसारखं.

शेवटी एका शुक्रवारी वाजिद म्हणाला, "अम्मीला हौदाचं पाणी बदलणं झेपत नाय. जात कळली की खाडीचा असेल तर खाडीत, तळ्याचा असेल तर तळ्यात सोडून दे. पण आधी नक्की कर. चुकीच्या पाण्यात मरेल."

"आणि तू कधी येतोस?"

"बघू. दोन वर्षं वाढवून देतायत."

खालाला मी फक्त माशाचं सांगितलं. ती हौदाकडे बघत राहिली. "ह्यो पण गेल्यावर सांजच्याला मी बोलू कोणाशी?"

माझा हिशेब वेगळा होता. पेणच्या हौदात नक्की काय पोसलंय हे कळलं, की ती बातमी इतकी मोठी ठरेल की वाजिद निदान बघायला तरी येईल. मी जोरात कामाला लागलो.

आधी मासळी बाजारातल्या सीताबाईंना घेऊन आलो. त्यांनी हौदात हात घातला, हवालदाराची पाठ दाबून पाहिली.

"काप."

"मावशी, जात ओळखायची आहे."

"मंग त्याच्यासाठीच काप म्हनते ना. एक तुकडी तव्यावर टाक, मी नाव सांगते."

"पाळलेला आहे तो."

"तर थोडी हळद जास्त घाल."

मिठागरावरच्या काळुरामकाकांनी तर मिशा मोजायच्या आधीच खालाच्या घरी चिंच आहे का ते विचारलं. आमच्याकडे ज्ञानाचा रस्ता कालवणातून जातो. रस्ता बरोबर आहे, फक्त मासा परत येत नाही.

मग कळलं की रोह्याच्या कॉलेजात पुंडलिक सर म्हणून प्राणिशास्त्र शिकवणारे आहेत, जवळच वरसे गावात राहतात. मी कॅमेरा मागून आणून फोटो काढला. फोटोत पाणी आलं, पाण्यात मी आलो. मासा आला नाही. अख्खा हवालदार रोह्याला न्यायचा तर हौदही न्यावा लागला असता.

आणि मग मला आठवलं की मी पेणचा कारागीर आहे. मूर्तीच घडवून नेतो.

मी दाजींना हौदापाशी आणून मासा दाखवला. त्यांनी शाडूची माती घेतली. पण दाजींचा हात गेली चाळीस वर्षं एकाच पोटावरून फिरलेला. माशाला पोट आलं. रंगाला कारखान्यातला शिवा बसला. त्याने मला विचारलं, "काळा रंग?" मी म्हणालो, "काळपट." तो म्हणाला, "बरं दिसत नाही," आणि गुलाबीचा एक हात मारला. कडेने सोनेरी रेघ कधी ओढली, ते त्यालाही कळलं नाही. शेवटी डोळे माझ्याकडे आले. मी ठरवलं होतं की नुसता ठिपका द्यायचा. ब्रश टेकवला आणि हाताने आपलं काम केलं. पापण्या आल्या, आत चमक आली, वर दोन कमानदार भुवया आल्या. मी मागे सरलो तेव्हा मासा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की माझे सगळे अपराध त्याने पोटात घातलेत.

खालाला नेऊन दाखवला. तिने चारी बाजूंनी बघितला. "डोळे लय मायेचे काढलेस रे. आमचा हाय तो नुसता खायला बघतो."

तरीही मी तो मांडीवर घेऊन पेणहून रोह्याच्या गाडीत बसलो. कासू स्टेशनला समोरच्या आजींनी चपला काढल्या. नागोठण्याला एका काकूंनी जास्वंदीचं फूल ठेवलं. मी म्हणालो, "काकू, हा नुसता मासा आहे." त्या म्हणाल्या, "त्याची मर्जी. कोणत्या रूपात यायचं ते तो ठरवतो." मला उभं राहून त्याला खिडकीची जागा द्यावी लागली. रोह्याला उतरताना माझ्याकडे मासा, तीन फुलं आणि अर्धा नारळ होता.

पुंडलिक सरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"याला भुवया आहेत."

"हो सर."

"भुवया असलेला मासा नसतो."

"तेवढ्या सोडून बाकी बघा सर."

"बाकी? मिशांच्या जोड्या किती? पाठीवरचा पर आखूड की लांब? डोकं चपटं का?"

इतकी वर्षं मी त्या हौदावर बसलो, पण हौदाकडे बघत वाजिदशी बोललो. तो गेल्यावर हौदाकडे बघत गप्प बसलो. माशाकडे असं कधी बघितलंच नव्हतं.

सर म्हणाले, "रविवारी मीच येतो पेणला." मूर्ती त्यांनी कॉलेजात ठेवून घेतली. परीक्षा जवळ आली की मुलं तिच्यापुढे उभी राहतात, असं ऐकतो.

रविवारी सर आले. खालाने त्यांना शेवया दिल्या. हौदाशी वाकून सरांनी मिशा मोजल्या, पाठ पाहिली, डोकं पाहिलं. आमची बारावी ज्यात गेली ते काम त्यांनी शेवया गार व्हायच्या आत केलं.

"मांगूर आहे. पण आपल्याकडचा नव्हे, आफ्रिकेकडचा. कोणीतरी पाळायला आणला असेल, त्यातलं एखादं पिल्लू जिताड्यात मिसळलं."

"म्हणजे तळ्यात सोडायचा?"

"मुळीच नको. गावाच्या तळ्यातली सगळी पिल्लं खाऊन टाकेल. आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात हा टिकणार नाही. इथेच राहू दे. हौद मात्र मोठा बांधा."

खालाने पदराने हात पुसले. "लांबचा हाय म्हणजे?"

"खूप लांबचा."

"मंग याची आई तिकडंच असंल." तिने शेवयांतली एक चिमूट हौदात टाकली. हवालदार वर आला, खाऊन खाली गेला. "खातो तरी नीट," ती म्हणाली.

पुढे चार शुक्रवार कोरडे गेले. पाचव्या शुक्रवारी फोन वाजला. खालाचं जेवणाचं बोलून झालं. मी फोन घेतला. बातमी जिभेवर तयार होती, आफ्रिकेसकट.

"हवालदाराचं कळलं का?" वाजिदने विचारलं. मागे ट्रकचा आवाज येत होता.

मी खालाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, आडवी. एकदाच.

आणि मला कळलं. जात सांगितली की वाजिद म्हणणार, 'अच्छा.' त्यानंतर आम्ही दोघं काय बोलणार?

"नाय अजून," मी म्हणालो. "रोह्याचे सर येऊन गेले. ते म्हणतात, मालक समोर असल्याशिवाय नक्की सांगता येत नाय."

"मालक कशाला?"

"शास्त्र आहे त्यांचं."

मागचा ट्रक निघून गेला. मीटर त्याच्याकडे पळत असणार, पण त्याने फोन ठेवला नाही.

"ईदला जमतं का बघतो," तो म्हणाला. "तोवर तू बघत राहा."

"बघतोय."

"बघ बघ."

ती ईद झाली. त्याला जमलं नाही. फोन मात्र पुन्हा दर शुक्रवारी येतो, कारण तपास महत्त्वाच्या टप्प्यावर आहे. हौद आम्ही वाढवला. हवालदार आता मागे न येता वळतो.

वाचकहो, मी बोलण्याच्या भरात तुम्हाला जात सांगून बसलो. तुमचं कोणी दोह्याला असेल, तर एवढं करा. त्यांच्याशी जेवणाचं बोला, हवेचं बोला. माशांचा विषय काढू नका.