पोटावरचं बटण

जगातली निम्मी पत्रं उत्तराची वाट पाहत पडलेली असतात आणि उरलेली निम्मी लिहायचीच राहून गेलेली असतात. टपालखातं चालतं ते या दोहोंच्या मधल्या किरकोळ व्यवहारावर. त्यामुळे एखाद्या सज्जन माणसाच्या खणात एक अनुत्तरित पत्र सापडलं तर त्यात नवल काहीच नाही. नवल आहे ते त्या पत्राच्या जोरावर एक दुकान तगलं याचं.

पत्र काकांच्या खणात होतं. काका म्हणजे दुकानाच्या मालकिणीचे सख्खे काका. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात. त्यामुळे स्वतःच्या चुका त्यांना न शोधताच सापडत. स्वभाव इतका भिडस्त की दुकानात गिऱ्हाईक आलं की ते कापडाच्या मांडणीआड सरकत, आणि गिऱ्हाईक मांडणीकडे वळलं की हातातल्या पुस्तकाआड. निवृत्तीनंतर पुतणीने त्यांना आग्रहाने दुकानात आणलं आणि दोन कामं सोपवली: कपड्यांना अडकवायच्या चिठ्ठ्या लिहिणं आणि आलेल्या पत्रांना उत्तरं देणं. पहिलं काम त्यांनी उत्तम केलं.

पत्रात लिहिलं होतं:

"तुमच्याकडून घेतलेला निळा सदरा मला फार आवडतो. त्याचं पोटावरचं बटण गळालं आहे. दुसरीकडचं लावू नये असं चिठ्ठीत म्हटलं आहे, म्हणून हे पत्र. सध्या एक हात पोटावर ठेवूनच बाहेर पडावं लागतं. लोक विचारतात, पोट दुखतंय का? एक बटण पाठवाल का? घाई नाही."

काकांच्या मते हे पत्र निर्दोष होतं. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही, आणि 'घाई नाही' ते अगदी शेवटी, दार हळूच लावून घ्यावं तसं. इतकं सभ्य पत्र लिहिणाऱ्याला तितकंच सभ्य आणि शिवाय खरं उत्तर द्यायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि तिथेच ते अडकले.

कारण ते दुकानच खरेपणाचं होतं. तिथे सचोटीचे कपडे मिळत. म्हणजे असे कपडे, की जे करताना माणूस नाडला जात नाही, जनावर दुखावत नाही आणि नदीचं पाणी रंगत नाही. जागा पूर्वी सायकल दुरुस्तीची. जमिनीवरचा तेलाचा मोठा डाग पुतणीने तसाच ठेवला होता, कारण तो घालवायला जे रसायन लागलं असतं ते डागाहून वाईट होतं. (डाग झाकायला टाकलेली सतरंजी मात्र देखणी होती.) शिवणयंत्रं दोन: एक शिवायला, एक फोटोला. दुसऱ्याची झीज जास्त होती.

चिठ्ठ्या लिहिण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. पानाफुलांचा रंग धुण्यागणिक उतरे. काका लिहीत, 'हा सदरा तुमच्याबरोबर म्हातारा होईल.' एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब निघे. काका लिहीत, 'यंत्राला हे जमलं नसतं.' धुतल्यावर आटणाऱ्या पायजम्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'पृथ्वीवरची आपली जागा कमी करत नेणारं वस्त्र', आणि ते पायजमे हातोहात खपले. ज्या हाताने जन्मभर चुका खोडल्या, त्याच हाताने आता चुकांची ओळख करून द्यायची, याचं काकांना मनातून फार अवघडल्यासारखं होई. पण एकही चिठ्ठी खोटी नव्हती, एवढ्यावर ते दिवस ढकलत.

दुकानात शिंपीणबाई एकट्याच. त्यांचा आनंद हा धंद्याचा पाया होता, आणि पाया वरचेवर तपासावा लागतो. सकाळी आनंदाची प्रश्नावली. मग कापडाबरोबर फोटो. मग विश्रांती, आणि विश्रांतीचा फोटो. दुपारी गिऱ्हाइकांची भेट: ज्याने सदरा घ्यायचा त्याने शिवणारीचा हात हातात घेऊन दोन मिनिटं डोळे मिटायचे. उरलेल्या वेळात शिवण. (उरलेला वेळ: चहाच्या आधी थोडा, आणि चहा लवकर झाला तर नंतरही थोडा.) गेल्या पाहणीनुसार शिंपीणबाई ब्याण्णव टक्के आनंदी होत्या. उरलेल्या आठांचं काय, असं पुतणीने काळजीने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, मला जरा शिवू द्याल तर तेही होऊन जातील."

आता बटणाविषयी. बटणं लाकडी, आणि लाकूड आपोआप गळून पडलेल्या फांदीचंच. झाड तोडायचं नाही, हलवायचं नाही, त्याच्याकडे आशेने बघायचंसुद्धा नाही. बटणं करणारे गृहस्थ गावाबाहेर एका मोठ्या झाडाखाली, पाठ झाडाकडे करून, खुर्ची टाकून बसत. वादळ झालं की फांदी पडे, आणि फांदी पडली की बटणं होत. काकांना पत्र आलं त्या आठवड्यापासून हवा जी सुधारली ती सुधारलीच. काका रोज सकाळी गच्चीत जाऊन आभाळ बघत. स्वच्छ ऊन पाहून जीव खालीवर होणारा गावात तेवढाच एक माणूस होता.

बटणाची मागणी आल्यास काय करावं, याचे नियम पुतणीने छापून भिंतीवर लावले होते:

(अ) बटण तुटलं की गळालं, याची खातरजमा करावी. (तुटणं हा अपघात, गळणं हा बटणाचा निर्णय.)

(ब) निर्णय असल्यास त्याचा मान राखावा.

(क) तरीही बटण हवंच असल्यास वादळाची वाट पाहावी.

(ड) दुकानातल्या शिल्लक सदऱ्याचं बटण काढून देऊ नये. एका घरातलं माणूस उचलून दुसऱ्या घरात नेऊन बसवण्यासारखं ते होईल.

पहिल्या मसुद्यात काकांनी लिहिलं, 'बटण लवकरच पाठवतो.' मग 'लवकरच' खोडलं, कारण ते खोटं होतं. मग 'पाठवतो' खोडलं, कारण त्याची खात्री नव्हती. उरलं 'बटण'. नुसतं तेवढंच पाठवणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. पुढचे मसुदे याहून सावध होते, म्हणजे त्यांत याहून कमी उरलं. अशी दोन वर्षं गेली.

दरम्यान या धंद्यात संथपणाला भाव आला होता. कपडा जितका उशिरा, तितका तो शुद्ध, हे सर्वमान्य झालं. महिन्याभरात मिळालेला सदरा चारचौघांत घालायची लोकांना लाज वाटू लागली. समोरच्या दुकानाने तर सदरे देणं जवळपास थांबवलंच होतं. तिथे लोक दर महिन्याला सहकुटुंब येऊन आपल्या सदऱ्याची बाही कुठवर आली ते बघून जात. तिथे सदऱ्याला अकरा महिने लागत, पुतणीकडे सात. दोष शिंपीणबाईंचा होता. त्यांना किती समजावलं, पण त्या खाली मान घालून एकच सांगत, "काय करू ताई, बसले की होऊन जातं."

अशात संथ उद्योग मंडळाने मुद्रा द्यायचं जाहीर केलं. पायऱ्या तीन: संथ, अतिसंथ आणि निश्चल. मुद्रा नाही तर प्रदर्शनात जागा नाही, प्रदर्शन नाही तर वर्षभर गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही तर दुकानाला कुलूप. पुतणीने काकांना स्पष्टच सांगितलं, "मुद्रा हुकली तर मी आपली पुन्हा कुठेतरी नोकरी धरेन. पण शिंपीणबाईंना कुठल्या तोंडाने घरी बसवू?" काकांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

तपासनीसबाई ठरलेल्या तारखेनंतर तिसऱ्या आठवड्यात आल्या, तेही पायी. त्यांनी कापड हुंगलं, सतरंजी उचलून डाग पाहिला आणि पसंतीची मान हलवली. मग शिवणीचे दिवस विचारले. सात महिने ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला. तेवढ्यात आतून यंत्राचा खडखडाट ऐकू आला, आणि पुतणीने डोळे मिटले. आता सगळं आटोपलंच होतं. निघता निघता, केवळ शिष्टाचार म्हणून, तपासनीसबाईंनी काकांचा खण ओढला.

"हे काय?"

काका मांडणीआड जायला निघाले होते, पण मांडणी तपासनीसबाईंच्या पाठीमागे होती. "पत्र," ते म्हणाले. "उत्तर द्यायचं राहिलंय. चूक सर्वस्वी माझी. तिचा काही संबंध नाही हो."

"कधीचं आहे?"

"दोन वर्षं झाली."

तपासनीसबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "समोर सगळ्यात जुनं आठ महिन्यांचं आहे. त्यातही मधे त्यांना राहवलं नाही, पोच दिली." मग अहवालात त्यांनी, अतिशय सावकाश, लिहिलं: 'पत्रव्यवहार: अनुकरणीय.'

दुकानाला 'निश्चल' मुद्रा मिळाली. अट एकच: पत्र चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावायचं, आणि मुद्रा आहे तोवर त्याला उत्तर द्यायचं नाही.

मग काय विचारता. लोक पत्र बघायला येऊ लागले. 'घाई नाही' या ओळीपाशी थांबून, किती दिवसांत असं काही वाचलं नव्हतं, असं एकमेकांना सांगू लागले. जाताना एकेक पायजमा नेऊ लागले. उत्तर येणार नाही या खात्रीने दुकानाला पत्रांचा ओघ सुरू झाला. (एका बाईंना चुकून उत्तर गेलं. त्यांनी तक्रार केली.) समोरच्या दुकानाने ईर्षेपोटी फोन उचलणं सोडलं. काकांना 'पत्रप्रमुख' हे पद मिळालं. काम पूर्वीचंच, उत्तर न देण्याचं. फक्त पूर्वी ते खणाआड होत होतं, आता सगळ्यांदेखत करावं लागे. शिंपीणबाईंचा आनंद पंचाण्णवांवर गेला, कारण सगळे फोटोवाले पत्राकडे वळल्याने त्यांना शिवायला सवड मिळू लागली. थोडक्यात, सगळं छान चाललं होतं.

रोज सकाळी चौकटीची काच पुसायचं काम काकांकडे होतं. लोक शेवटची ओळ वाचत. काका तिच्या वरची वाचत. दोन वर्षं एक माणूस पोटावर हात ठेवून हिंडतोय. उरलेल्या एका हाताने छत्री, पिशवी, कुलूप, सगळं सांभाळतोय, आणि भेटेल त्याला सांगतोय की पोट दुखत नाही.

एकदा धीर करून त्यांनी पुतणीकडे विषय काढला. एकच बटण, ते म्हणाले, कोणाला कळायचंही नाही.

"काका, उत्तर गेलं की मुद्रा गेली," पुतणी म्हणाली. "समोरचे टपून बसलेत. तुम्हीच सांगा, एका बटणासाठी दुकान बंद करू?"

काकांना उत्तर सुचलं नाही. त्याचीच त्यांची ख्याती होती, पण या वेळी ती त्यांना बोचली.

एके दुपारी दुकान शांत असताना ते सवयीने भिंतीवरचे नियम तपासत होते. 'शिल्लक सदऱ्याचं' असं (ड) मध्ये होतं. अंगातल्या सदऱ्याविषयी अवाक्षर नव्हतं. काकांनी मान खाली घालून बघितलं. तोच निळा रंग, तेच कापड, तीच बटणं. त्यांनी शिंपीणबाईंकडे कात्री मागितली. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "दोरा मुळाशी कापा, काका, नाहीतर कापड ओढलं जाईल."

मग काकांनी पत्र लिहिलं: 'बटण सोबत आहे. दोरा कोणताही चालेल. पोच देऊ नये, ही विनंती.' ते खोडायच्या तयारीने पुन्हा पुन्हा वाचलं. खोडण्यासारखं काही सापडलं नाही.

एका हातात पाकीट आणि दुसरा हात पोटावर, असे ते दाराकडे निघाले. पुतणीने मान वर केली.

"काका, पोट दुखतंय का?"

बोलून गेल्यावर तिची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. तिथून काकांच्या हाताकडे, आणि मग पाकिटाकडे.

"किंचित," काका म्हणाले.

"मग जरा पाय मोकळे करून या," ती म्हणाली. "टपालपेटीपर्यंत. बरं वाटेल." आणि दाराकडे पाठ करून ती चौकटीची काच पुसू लागली. सकाळीच पुसलेली होती.

पेटीच्या तोंडाशी काकांचा हात थोडा थांबला, आणि पाकीट आत पडलं.

तेव्हा ते तुम्हाला एव्हाना मिळालं असेल. दुकान, शिंपीणबाई, मुद्रा, सगळं आता तुमच्या हाती आहे. आभाराची एक ओळ टाकलीत की कारभार संपला. या धास्तीने काकांचा डोळ्याला डोळा लागत नाही, पण पुतणी निर्धास्त आहे. गिऱ्हाइकाचा तिचा अभ्यास आहे. ती म्हणते, आभार मानायला आधी बटण लावायला हवं, बटण लावायला सदरा सापडायला हवा, आणि तो तर तुम्ही ते पत्र पेटीत टाकलंत त्याच आठवड्यात गाडी पुसायला काढलात आणि दुसरीकडून तीन नवे घेतलेत, घरपोच.

तसं असेल तर निदान बटण तेवढं कोऱ्या पाकिटात घालून परत पाठवा. काकांचा एक हात अडकून पडला आहे.

घाई नाही.