शीतलच्या लक्षात राहतं

जेवताना शीतलचं नाव काढायचं नाही, असं प्रियदर्शनीने अनुपला बजावून ठेवलं होतं. तरी दुसरी भाकरी पानात पडली आणि ते निघालंच.

शीतल ही कोणी बाई नव्हती. अनुप ज्या कूलर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, तिथल्या मालकांनी, शालिकरामजींनी, यंदा उन्हाळ्याआधी फोनवर एक चॅटबॉट बसवून घेतला होता. गिऱ्हाईकाने तक्रार लिहायची, शीतलने उत्तर द्यायचं. तिला शिकवायचं काम अनुपकडे आलं होतं, आणि घरी आल्यावरही तो तिच्याशी गोडीगुलाबीने बोलत बसे. हे सगळं प्रियदर्शनीला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर जास्त जळत होतं. खरीखुरी बाई असती तर निदान तिचं नाक नकटं तरी म्हणता आलं असतं.

"गिऱ्हाईक मोटरीचं सांगता सांगता मधातच दुसरं काई बोललं, तरी थे मोटर इसरत नाई," अनुप वरणात भाकरी कुस्करत सांगत होता. "कोणतं काम नुसतं आइकलं, कोणत्यात माहिती कमी हाय, कोणतं चालू हाय, कोणतं झालं, सारं अलग अलग ध्यानात ठेवते. आइकलं म्हंजे झालं, असं नाई धरत थे."

प्रियदर्शनीने भिंतीकडच्या कूलरकडे पाहिलं. त्याच्या जाळ्यांतलं गवत सडलं होतं, आणि हवेबरोबर डबक्याचा वास घरभर फिरत होता. गवत बदला म्हणून तिने होळीला सांगितलं होतं. अनुप 'हाव' म्हणाला होता. आता मे उजाडला होता आणि नऊ महिन्यांच्या दीक्षूची पाठ घामोळ्यांनी लालेलाल झाली होती. लेकरू ना नीट झोपत होतं, ना आईला झोपू देत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीक्षूचा एकदाचा डोळा लागला. तिच्या पाठीवर ओलं फडकं फिरवता फिरवता प्रियदर्शनीने आपलं नाव दिसू नये म्हणून सासूचा, केशरबाईचा फोन ओढला आणि दुकानाच्या नंबरावर लिहिलं, कूलरचं गवत सडलंय, बदलून द्या. नाव केशरबाई, राहणार जुने शहर. मागणी नोंदवली, पत्त्याची खूण कळवा, असं उत्तर आलं.

मग तिच्या मनात आलं, या बयेची जरा परीक्षाच घेऊ. खूण न देता तिने भलतंच सुरू केलं. लेकराला घामोळ्या आल्यात. बाप संध्याकाळी आला की फोन घेतो, लेकराला घेत नाही. चांदूर बाजारला माहेरी जाऊन वर्ष झालं, तेही लिहिलं. लिहिता लिहिता परीक्षा कुठच्या कुठे राहिली. शेवटी तिने लिहिलं, जाऊ दे.

शीतल गोंधळली नाही. घामोळ्या जास्त असतील तर डॉक्टरांना दाखवा, म्हणाली. कूलरसाठी पत्त्याची खूण अजून यायची आहे, बाळाला कोणी घ्यायचं ते कळलेलं नाही, माहेरी जाण्याची तारीख ठरायची आहे, असं एकेक तिने समोर मांडलं. आणि खाली विचारलं: "'जाऊ दे' म्हणजे यांतलं नेमकं काय रद्द करायचं?"

प्रियदर्शनीने ते पुन्हा वाचलं. लग्न झाल्यापासून तिने कितीतरी वेळा 'जाऊ दे' म्हटलं होतं. त्यात नेमकं काय जाऊ द्यायचं, हे कोणी विचारलं नव्हतं.

"कोणतंच नाही," तिने लिहिलं. घराची खूण दिली. बाळाला कोणी घ्यायचं, याच्यापुढे लिहिलं, अनुपने.

शीतलला दुकानातल्या सगळ्या माणसांची नावं पाठ होती. तिने ती मागणी सरळ अनुपच्या नावावर टाकली. दुकानात कामांची यादी दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यावर भर गर्दीत अक्षरं झळकली: केशरबाई, जुने शहर. काम: बाळाला घेणे. कारागीर: अनुप.

गिऱ्हाईकं हसली. शालिकरामजी हसले नाहीत. त्यांनी अमोल नावाच्या कारागिराला गवत देऊन तडक पिटाळलं आणि अनुपला म्हणाले, "हे केशरबाई तुहीच माय व्हय ना? गावाचे कूलर थंडे करतं, अन् घरी काय चालू हाय तुह्यं?"

हातातलं काम उरकून अनुप भर उन्हात गाडी हाणत घरी आला. दारातूनच त्याला दिसलं, की कूलर जोरात चालू आहे, माय चहा गाळते आहे, आणि दोन लेकरांचा बाप असलेल्या अमोलच्या मांडीवर दीक्षू खुदखुदते आहे. प्रियदर्शनीही हसत होती. असं हसताना त्याने तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याने पुढे होऊन दीक्षूला जवळजवळ ओढूनच घेतलं. अमोलने उभ्याउभ्या चहा संपवला आणि पाना उचलून काढता पाय घेतला.

"मशीनले सांगतलं," अनुप म्हणाला. "मले कावून नाई सांगतलं?"

"तुमाले होळीलेच सांगतलं. तुमी हाव म्हनले."

"मंग?"

"मंग तुमचं झालं. माह्यं नाई झालं."

तेवढ्यात फोन वाजला. गवत बदलून झालं का, शीतल विचारत होती. प्रियदर्शनीने 'झालं' लिहिलं. लगेच पुढचं आलं: बाळाला घेणे, झालं का?

"लिव ना झालं म्हनून," अनुप घाईने म्हणाला. "घेतली ना म्या. तिकडं सारं दुकान वाचून राह्यलं."

दीक्षूने बापाचा कान मुठीत धरला होता. प्रियदर्शनीने दोघांकडे एकदा निरखून पाहिलं आणि लिहिलं: काम चालू आहे.

शीतलने माहेरची तारीख विचारली. प्रियदर्शनी अंगठ्याने बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली. मधेच ती स्वतःशीच हसली. अनुप लेकीला घेऊन हळूच मागे सरकला आणि मान लांब करून डोकावायला लागला. तिने फोन छातीशी उलटा धरला.

"काय लिवून राह्यली?"

"थे आमच्या दोघीतलं हाय," ती म्हणाली.

कूलर आता भरभरून गार वारा सोडत होता. अनुप त्याच्या अगदी पुढ्यात उभा होता, पण त्याला काही तो लागेना.