पक्केरावांनी जीप पक्की केली

पक्केरावांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही चटकन आठवत नाही. ते इंजिनीअर, लोकांची घरं बांधून देणारे. प्रत्येक बोलणं "पक्कं!" या शब्दावर संपवायची सवय, म्हणून सासूबाईंनी लग्नातच हे नाव ठेवलं आणि ते असं बसलं की पुन्हा निघालं नाही.

"उभ्या हयातीत माझी एक भिंत हललेली नाही!" हे त्यांचं लाडकं वाक्य. सासूबाईंच्या अंगणाच्या उताराला असलेली कुंपणभिंत त्यांनीच बांधलेली. सासुरवाडीला कुणी पाहुणा आला की ते त्याला आधी भिंतीपाशी नेत. "ढकलून बघा!" म्हणत. पाहुणे बिचारे एका हातात चहाचा कप सांभाळत दुसऱ्या हाताने भिंत ढकलत, मान डोलावत आणि बिस्किटांकडे परत येत.

सासूबाई गुरांच्या डॉक्टर. सगळी नोकरी त्यांनी एकाच जुन्या जीपमधून केली. ओढे, दगड, चिखल, काही म्हणून वगळलं नाही. आता त्यांचे गुडघे आणि जीप दोघंही एका सुरात कुरकुरायला लागले होते, म्हणून गाडी एका जावयाला द्यायची ठरली.

थोरल्या जावयांची रोपवाटिका. त्यांनी जीपकडे पाहिलं की त्यांना बॉनेटमधून वर आलेले गुलाब दिसायचे! "दारात उभी करू, आत माती भरू. काय शोभेल!" असं ते भर जेवणात म्हणाले, तेव्हा पक्केरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. याच गाडीत त्यांनी सासूबाईंच्या धाकटीला, म्हणजे आताच्या बायकोला, लग्नाचं विचारलं होतं. ती चालवत होती, हे शेजारी दांडी धरून बसले होते. खडकाळ उतारावर तिने दिलेला एकच होकार गचक्यांमुळे त्यांना तीनदा ऐकू आला. त्या गाडीत माती भरायची? साडू झाला म्हणून काय झालं!

"आई, गाडी मी चालती करतो. पक्कं!"

"चालते ती अजून," सासूबाई म्हणाल्या. "पण चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जिथे पुढच्या स्प्रिंगचे पाटे टांगलेत, तिथला एक ब्रॅकेट चिरलाय. कुठला ते मला आता वाकून बघवत नाही. तुम्ही शोधा, मजबूत करा. रविवारी मी मांडीवर अंड्यांचा ट्रे घेऊन बसते. अंडी शाबूत घरी आली, तर गाडी तुमची. नाहीतर थोरल्यांचे गुलाब."

"अहो, कुणाला तरी विचारून करा," धाकटी म्हणाली.

"विचारू? एवढाल्या इमारती उभ्या केलेला माणूस मी, चार ब्रॅकेटसाठी विचारत फिरू?"

झालं! शनिवारी सकाळीच पक्केराव जीपखाली सरपटले. वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीस यांची एक वेगळीच जात तिथे तयार झाली होती. ती खरवडता खरवडता चार ब्रॅकेट उजेडात आले आणि पक्केराव मात्र अंधारात गेले. तोंडावर पांढरं म्हणून काही उरलं नाही! एवढं करूनही चीर काही दिसेना. मग त्यांनी आपली नेहमीची कसोटी लावली. हातात पहार घेतली आणि एकेक जागा हलवून पाहिली.

पाट्याचं एक टोक ब्रॅकेटमध्ये पिनेने घट्ट बसवलेलं. ते ढिम्म. दुसरं टोक मात्र ब्रॅकेटखाली एका जाड कडीला टांगलेलं, आणि ती कडी चक्क झुलत होती! डावीकडेही, उजवीकडेही!

"सापडलं!" पक्केराव खालूनच ओरडले. "एक कसला, दोन गेलेत! दोन पक्के, दोन सैल!" आणि त्यांनी झुलत्या कड्यांवर खडूने फुल्या मारल्या.

दुपारी वेल्डर आला. हा फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा. त्याचाही एक अभिमान होता. "साहेब, मागच्या वादळात माझं एक फाटक उडालं. पण वेल्ड सुटलं नाही. भिंत सोबत घेऊन गेलं!"

असा माणूस भेटल्यावर पक्केरावांचा ऊर भरून आला. चारही ब्रॅकेटना चासीशी जोडणाऱ्या जाड पट्ट्या ठोकल्या. वेल्डरला पट्टी बसवताना ती हरवलेली चीरही सापडली, तीही बुजली. इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"आता या फुल्या. इथे भरपूर मार. तसूभर हलता कामा नये!"

वेल्डरने क्षणभर कडीकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि तोंडावर मुखवटा ओढला.

रविवारी सासूबाई ट्रे घेऊन पुढे बसल्या, थोरले मागे. त्यांनी खिशात टेपसुद्धा आणली होती, माती किती लागेल ते मोजायला! चाकाखालचा दगड काढला. या गाडीचा हँडब्रेक नावापुरता, म्हणून तो दगड कायमचा मुक्कामाला. पक्केरावांनी ऐटीत गिअर टाकला.

फाटकापाशी एक लहानसा खड्डा होता. जीप त्यात गेली आणि धाडकन बाहेर आली. सासूबाई सीटवरून उठल्या, ट्रे सासूबाईंवरून उठला, आणि थोरले टपाच्या लोखंडी कांबीला भेटून आले!

"आई गं!" थोरले.

"काय?" सासूबाई.

"तुम्हाला नाही म्हटलं!"

पुढे गतिरोधक आला. त्यानंतर रस्ता बरा होता, पण जीपला ते कळेना. वाटेतला प्रत्येक खडा ती जसाच्या तसा आत पोचवत होती. अंडी एकेक करून मागे जात होती, आणि मागे थोरल्यांशिवाय कुणी नव्हतं. घरी येईपर्यंत थोरल्यांचं आम्लेट व्हायचं तेवढं बाकी होतं. ट्रेमध्ये एकच अंडं शाबूत राहिलं.

सासूबाई उतरल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "नेमकं काय केलंत, जावईबापू?"

पक्केरावांनी पडेल आवाजात सांगितलं. झुलत्या कड्या, फुल्या, तसूभर.

"अहो, त्या कड्या झुलायलाच असतात! गचका बसला की पाटा लांबतो, कडी झुलून त्याला जागा देते. घोड्याचा गुडघा हलतो म्हणून तो काय मोडलेला असतो? तुम्ही दोन्ही गुडघ्यांना प्लास्टर घालून घोडा पळवलात!"

पक्केरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कामाचे पैसे घ्यायला आलेला वेल्डर शेजारीच उभा होता. ते त्याच्यावरच उखडले. "तू फाटकं करतोस ना रे? हलती कडी जाम करायची नसते, हे तुला कळू नये?"

"कळलं होतं की साहेब! मला वाटलं, तुम्हाला फाटक उघडायचंच नसेल."

धाकटीने पदरात तोंड लपवलं. थोरले भुवईवरचा बलक पुसत टेप उलगडायला लागले. ते पाहून पक्केराव पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हात जोडले. "आई, एक संधी द्या."

सासूबाईंनी ट्रेकडे पाहिलं. "एक अंडं राहिलंय. एक संधी देते."

दुपारभर कापाकापी चालली. पट्ट्या राहिल्या, कड्या सुटल्या. जीप पुन्हा चाकांवर उभी केली, चाकाखाली दगड लावला आणि सासूबाईंनी अंड्याचा ट्रे सीटवर ठेवला. पक्केरावांनी पुढचा बंपर दाबला. जीपचं नाक हळूच खाली गेलं आणि हळूच वर आलं.

"हलतंय!" पक्केराव आनंदाने ओरडले. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या! "दाबा थोरले, तुम्हीही दाबा! थांबा, हा दगड कशाला मध्ये? मोकळी हलू दे!" आणि त्यांनी पायाने चाकाखालचा दगड उडवला.

"हलतंय!" थोरले ओरडले.

"हलतंयच!" पक्केराव म्हणाले.

"अहो, गाडी हलतेय!" धाकटी किंचाळली.

दोघे साडू दोन बाजूंना उडाले. जीप अंगणाच्या उतारावरून डुलत डुलत, कसलाही गचका न देता, भिंतीपर्यंत गेली आणि भिंतीतून पलीकडे निघाली.

धूळ बसल्यावर सगळे धावले. सासूबाई गुडघे विसरून वाकल्या, जीपखाली डोकावल्या. "ब्रॅकेट जागच्या जागी! कड्याही झुलतायत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सीटवरचा ट्रे उचलला. त्यात ते एकुलतं अंडं जसंच्या तसं. "शाबूत! गाडी तुमची, जावईबापू."

थोरल्यांनी टेप गुंडाळली. धाकटी जाऊन आधी स्टीअरिंगवर बसली. पक्केराव मात्र विटांच्या ढिगाकडे बघत उभे होते. त्यांच्या खांद्यावर हळूच हात पडला. वेल्डर होता.

"साहेब, जागा झालीच आहे, तर इथे फाटक बसवू का एक छानसं? फक्त आधी सांगा, बिजागऱ्या हलत्या ठेवू की पक्क्या?"