सव्वाचार लिटरचा कॉम्प्युटर

वेइ कुओ-लिआंगला चालू कॉम्प्युटरजवळ एकट्याला सोडायचं नाही, हा त्या घरातला न बोलता पाळला जाणारा नियम होता आणि त्या रविवारी सकाळी तो मोडला गेला. बायको पेइ-लिंग हॉस्पिटलात सकाळच्या पाळीला गेली होती, सासूबाई बाजारात आणि मुलगी युन-झेन कोपऱ्यावर अंड्याची पोळी आणि सोयाबीनचं दूध आणायला. तैवानातल्या पानच्याओ भागातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात कॉम्प्युटर आणि कुओ-लिआंग असे दोघेच उरले.

कॉम्प्युटर त्यानंच जोडलेला. पेटी सव्वाचार लिटरची. या छंदातले लोक कॉम्प्युटर लिटरवर मोजतात आणि जितके लिटर कमी तितकी मालकाची मान ताठ. कुओ-लिआंगनं कुआंगहुआच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तीन शनिवार घालवून एकेक भाग जमवला होता. ग्राफिक्स कार्ड दोन मिलिमीटरसाठी अडलं, तेव्हा पेटीची कड कानशीनं घासली. वायरींपर्यंत बोट पोचेना, तेव्हा पेइ-लिंगचा भुवया कोरायचा चिमटा न विचारता उचलला. शेवटी आत काडेपेटी शिरायला जागा उरली नाही. गरम हवा जायला वरच्या झाकणाला भोकं होती, तेवढीच काय ती मोकळीक.

हा सगळा खटाटोप युन-झेनसाठी होता. दूर दक्षिणेतल्या ताइनानच्या कला महाविद्यालयात प्रवेशासाठी तिला दोन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची होती. पाच वाजून एक मिनिट झालं की वर्ष गेलं. शेवटच्या प्रसंगातलं मांजर लंगडतंय हे तिला आदल्या दिवशी दिसलं, म्हणून सगळं रविवारवर आलं होतं. आता चित्रं तयार होती, फक्त कॉम्प्युटरनं ती रंगवून एकमेकांना जोडायची होती. तिच्या जुन्या लॅपटॉपला त्यासाठी चौदा तास लागले असते. नव्यानं साडेआठला सुरुवात केली आणि पडद्यावर आकडा दाखवला, उरलेला वेळ तीन तास. मध्ये काम तुटलं तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा कोणी असता तर पाय पसरून पेपर वाचत बसला असता. कुओ-लिआंगला तो तीनचा आकडा टोचू लागला. नोकरीत तो मदरबोर्ड तपासायचा. कारखान्यानं नेमून दिलेल्या वेगाच्या पुढे यंत्र किती पळवता येतं हे बघण्याचा त्याला पगार मिळायचा आणि सुट्टीच्या दिवशी तेच काम तो फुकट करायचा. शिवाय मुलगी घर सोडून जाणार याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की त्याचे हात चालू लागत. त्यानं वेग चिमूटभर वाढवला. उरलेला वेळ दहा मिनिटांनी कमी झाला. त्याचा गुडघा हलू लागला. आणखी चिमूटभर वाढवला. आणखी दहा मिनिटं वाचली. तिसऱ्या चिमटीला पडदा निळा झाला आणि मग काळा.

युन-झेन पिशवी घेऊन दारात उभी होती.

"बाबा, हा बंद का आहे?"

"दम खातोय जरा."

"काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. म्हणजे, थोडंसं."

तिनं पिशवी टेबलावर ठेवली, काम पहिल्यापासून सुरू केलं आणि बजावलं की आकड्याकडे बघत बसा, हात लावू नका. तिला प्रवेशअर्जातला मजकूर अजून लिहायचा होता, म्हणून ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली. तेवढ्यात तिला पेइ-लिंगचा फोन आला. आईनं फिल्मची चौकशी केली नाही. बाबा कुठे आहेत, एवढंच विचारलं. कॉम्प्युटरसमोर, असं कळल्यावर तिनं मोठा उसासा सोडला आणि फोन ठेवला.

मग सासूबाई आल्या. त्यांना घरात सगळे आमा म्हणत. जावयाचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी काय ते ओळखलं आणि भाजीच्या पिशवीतून हिरवं पाकीट काढलं. मक्याच्या कुरकुऱ्यांचं, नारळाच्या चवीचं, ज्याच्यावर मोठ्या अक्षरांत 'शहाण्यासारखं वाग' असं लिहिलेलं असतं, तेच. तैवानात यंत्रानं नीट चालावं म्हणून ठेवलेलं हे पाकीट ज्याच्यावर नाही असं महत्त्वाचं यंत्र शोधून सापडायचं नाही. पेइ-लिंगच्या हॉस्पिटलात ते होतं आणि कुओ-लिआंगच्या प्रयोगशाळेत तर प्रत्येक कपाटावर एकेक. इंजिनिअर असून त्यानं कधी याची थट्टा केली नव्हती. उलट त्यानं आमांच्या हातून पाकीट घेऊन नीट तपासलं. रंग हिरवाच हवा, पिवळा चालत नाही. मुदत उलटलेली नको. फोडलेलं तर नकोच. तपासणीत ते उत्तीर्ण झालं, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी ते कॉम्प्युटरवर ठेवलं आणि मान झुकवली.

"आता बघ कसा गुणी होतो ते," आमा म्हणाल्या आणि भाजी निवडायला गेल्या.

पेटी इतकी छोटी की पाकिटानं तिचं सगळं झाकण व्यापलं.

अर्ध्या तासानं कुओ-लिआंगला दिसलं की उरलेला वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय. दोन तास चाळीस मिनिटांचे तीन तास झाले, मग साडेतीन. तापमान पंच्याण्णव अंश. हात लावायचा नव्हता हे खरं, पण डोळ्यांदेखत पोरीचं वर्ष बुडू कसं द्यायचं? त्यानं तर्क लढवला की यंत्राला ताकद कमी पडतेय, म्हणून व्होल्टेज वाढवलं. तापमान आणखी चढलं आणि कॉम्प्युटर पुन्हा झोपला. त्यानं तो मुलीला कळू न देता परत सुरू केला. मग दिवाणखान्यातला उभा पंखा ओढून आणून कॉम्प्युटरच्या पोटाशी लावला, खिडकी उघडली, रस्त्यावरची गरम हवा आत आली म्हणून बंद केली, बर्फाच्या पिशव्या आणल्या, पाणी गळेल म्हणून परत नेल्या. वेग मात्र एकदाही कमी केला नाही. तेवढी एकच गोष्ट त्याला सुचली नाही.

बाराच्या सुमाराला त्याचं लक्ष पाकिटाकडे गेलं. ते उशीसारखं टम्म फुगलं होतं.

आमांनाही ते दिसलं. "बघ, केवढा राग पोटात घेतलाय बिचाऱ्यानं," त्या म्हणाल्या.

कुओ-लिआंगनं हात लावून पाहिलं. पाकीट चांगलंच तापलं होतं. त्याच्या खाली होती ती झाकणाची भोकं, आणि सकाळपासूनची सगळी गरम हवा त्याखाली कोंडली होती.  आता पाकीट उचलायला एक क्षण पुरला असता. पण चालू यंत्रावरचं पाकीट हलवायचं नाही, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा. एकानं ते भूक लागली म्हणून काढलं होतं आणि त्या दिवशी सबंध मजला चार तास बंद पडला होता. हे तो स्वतः नव्या लोकांना सांगायचा. काढायचं नाही आणि हवा तर जायला हवी, म्हणून त्यानं पाकिटाखाली जेवणाच्या चार काड्या टेकू म्हणून उभ्या करायला घेतल्या. तीन उभ्या राहिल्या. चौथी सटकली, पाकीट घरंगळलं, ते जमिनीवर पडू नये म्हणून त्यानं झेप घेतली आणि पाय वायरीत अडकून प्लग भिंतीतून निघाला.

आवाज ऐकून युन-झेन बाहेर आली. पाकीट छातीशी धरून बाबा फरशीवर पसरलेले. ती ओरडली नाही, पण तिचे डोळे भरून आले. ते कुओ-लिआंगनं पाहिलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं एका दमात सगळं कबूल केलं. चिमटी, व्होल्टेज, लपवून केलेली सुरुवात, सगळं.

तिनं कॉम्प्युटर जोडला आणि त्याचे सगळे बदल पुसून कारखान्यातून आला तसा करून ठेवला. या सगळ्यात सव्वा वाजला. तीन तास लागले तर सव्वाचार. अजून जमण्यासारखं होतं, मध्ये कुणी हात लावला नाही तर.

आमा पदार्थ ढवळायचा डाव हातात घेऊन सगळं ऐकत होत्या.

"आ-लिआंग, हे पाकीट कुणावर ठेवतात रे?"

"जे नीट वागत नाही त्याच्यावर, आई."

"मग चुकलंच माझं," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं. मग युन-झेनकडे वळून म्हणाल्या, "कर सुरू."

काम सुरू झालं, आणि काम सुरू असताना पाकीट हलवायचं नसतं. कुओ-लिआंग अडकला. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग सवयीनं गुडघा हलला, पाकीट कुरकुरलं आणि आमांनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. गुडघा थांबला. आकडा त्याला खुणावत होता, बोटं शिवशिवत होती, नाकाला खाज सुटली होती. आमांनी त्याला डुकराच्या खिम्याचा भात चमच्यानं भरवला. हॉस्पिटलातलं काम संपवून आलेली पेइ-लिंग दारातच थबकली. नवरा एका जागी बसलेला तिनं लग्नाच्या फोटोनंतर पहिल्यांदाच पाहिला होता. तिनं काहीही न विचारता स्टूल घेतलं आणि त्याच्या शेजारी बसली.

चार वाजून सात मिनिटांनी फिल्म तयार झाली. दोन तास बावन्न मिनिटं. मांजर मुळीच लंगडत नव्हतं. युन-झेननं ती पाठवली आणि म्हणाली, "उठा बाबा, झालं."

"पोचल्याचा निरोप येऊ दे," कुओ-लिआंग म्हणाला आणि हलला नाही.

निरोप पाच वाजायला वीस मिनिटं असताना आला. त्यानं पाकीट उचलून हातात घेतलं आणि कॉम्प्युटरकडे बघून घसा खाकरला. "ऐक, मी काय म्हणतो, तू जायच्या आत झाकणाची भोकं जरा मोठी केली, तर याला अजून थोडं..."

"बाबा, प्रवेश मिळाला तर कॉम्प्युटर मी नेणार. असाच," युन-झेन म्हणाली. "पाकीट इथंच राहू दे, तुमच्याजवळ."

 कुओ-लिआंगनं पाकीट उलटं करून मुदत पाहिली. अजून अकरा महिने होते.

"तेवढ्यात तू दोनदा तरी येशील ना?" त्यानं विचारलं.

"तीनदा येईन," ती म्हणाली. "नवं पाकीट घेऊन."